विहिणीची फुगडी

पार्बताबाई चाळिशीला आली तरी फुगडी खेळायची. बडनेऱ्याला त्यांचा फुलांचा मळा होता. शेवंती-झेंडूच्या टोपल्या अमरावतीच्या बाजाराला रवाना झाल्या, की ती तोडणीच्या बायांपैकी एखादीला ओढायची, पायाला पाय लावायची आणि गरगर फिरायला लागायची. पोरीबाळी दमून मटकन बसायच्या, ही उभीच. आमच्या घरी देवाची फुलं तीच आणून द्यायची. माझी आई म्हणायची, "बाई, वय काय तुझं!" त्यावर ती हसायची. आपल्याकडे बाईनं कांडावं, दळावं, धुणी बडवावी, त्याला वय आड येत नाही. खेळायचं म्हटलं की लगेच वय आठवतं!

तिचे यजमान किसनराव त्या साली लोकल बोर्डाचे मेंबर झाले. डोक्यावर जरीचा फेटा चढला आणि चालही बदलली. त्याच उन्हाळ्यात एकुलत्या एक लेकीचं, जयवंताचं, लग्न अकोल्याला ठरलं. त्यांच्या जातभाईंत रीत अशी, की लग्न लागलं की दोन्ही विहिणींनी मांडवात फुगडी घालायची. पार्बताबाई महिनाभर त्याच आनंदात होती. लग्नाच्या सकाळी किसनरावांनी तिला बाजूला घेतलं.

"हे पाय, मेंबराची बायको होय तू आता. चार मोठे लोक येऊन राहिले. मांडवात भोवऱ्यावानी फिरशीन त काय म्हनतीन?"

मांडवात वरमाय तानुबाई पदर खोचून पुढं आली. अंगानं भरलेली, तोंडभर हसू. दोन्ही हात पुढं करून म्हणाली, "या विहीनबाई! लय आयकलं तुमच्या फुगडीचं."

पार्बताबाईनं नवऱ्याच्या फेट्याकडं पाहिलं. "माहे गुडघे दुखून राहिले," ती म्हणाली. तानुबाईनं हात खाली घेतले. भांडण नाही, रुसवा नाही. जेवणं झाली, वऱ्हाड गेलं. मोठ्या लोकांपैकी निम्मे तर आलेच नव्हते.

पार्बताबाईला मात्र ते खुपत राहिलं. जयवंता बाळंतपणाला आली तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, बारशाला विहीणबाई येतील, या खेपेला आपण आधी हात पुढं करायचे. मेंबराला काय वाटायचं ते वाटो. बारशाच्या तोंडावर अकोल्याहून माणूस आला. व्याही गेले होते.

नातू तीन महिन्यांचा झाल्यावर मायलेकांना पोचवायला ती अकोल्याला गेली. तानुबाई आतल्या खोलीत बसलेली, कपाळ मोकळं. नातवाला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्या पायांशी खेळत राहिली. मग आपणहून बोलली. हे सगळं पार्बताबाईनं पुढं माझ्या आईपाशी बसून सांगितलं, आणि सांगताना ती रडली.

"पोराले तीन ठिकानच्या पोरी सांगून आल्या होत्या," तानुबाई म्हणाली. "मी तुमचं घर धरलं ते तुमच्यापायी. लग्न होऊन आली तवापासून या घरात मले कोनी खेळू देल्लं नाई. म्हनलं, विहीन खेळकर भेटली त रीतीच्या नावानं आपल्यालेबी खेळता येईन. विहिनीले कोन अडवते?"

पार्बताबाईला तोंड वर करवेना. ती उठली, दार लोटलं आणि दोन्ही हात पुढं केले. "उठा. कोनी पायत नाई."

"सासू हाय न माही बाहीर. पायाचा आवाज आयकू जाईन." तानुबाईनं नातवाला खाली गोधडीवर निजवलं. "रांडमुंड बाई फुगडी खेळली म्हनतीन. त्यापायी तुमच्या पोरीले बोल लागन."

पार्बताबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. तानुबाईनं तिचे हात हातात घेतले, फुगडीला घेतात तसेच, आडवे आणि घट्ट. दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेरून सासूनं हाक मारली तेव्हा तानुबाईनं हात सोडले, पदर डोक्यावरून ओढला आणि "आली" म्हणून उठली.