शकुनाचा चॅनल

“बंद कर! बंद कर मन्तो ना! माही हळद पोहून राह्यली!”

चाचांचा फोन मी हातभर लांब धरला होता, तरी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांना तडे गेले. चाचा म्हणजे आमच्या शेताचे शेजारी. गावात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आणि पोहत होती ती त्यांची अख्ख्या हंगामाची हळद. शिजवून, आठ दिवस उन्हात पसरून ठेवलेली. अशी हळद भिजली की काळी पडते, आणि काळ्या हळदीकडे व्यापारी ढुंकून पाहत नाही.

आता यात माझा दोष मोहरीएवढा. माझ्या काकांचा गुडघा दुखतो, आणि मोटार चालू करायला त्यांना रोज किलोमीटरभर चालत शेतात जावं लागे. म्हणून मी रेडिओचे दोन मॉड्यूल मागवले, आगपेटीपेक्षा लहान. एक गच्चीवर बटणाला जोडायचा, दुसरा शेतात स्टार्टरच्या पेटीत. बटण दाबलं की मोटार चालू, तेच पुन्हा दाबलं की बंद.

सेटिंगला तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस दोघे मॉड्यूल वाटणी झालेल्या सख्ख्या भावांसारखे तोंड फिरवून बसले. मग कळलं, तारा मीच उलट जोडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवरून हुकूम सोडला आणि पडद्यावर उत्तर उमटलं, ‘ओके’. आमच्या घरात मला कुणी ओके म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी बायकोला बोलावून दाखवलं.

राहिला चॅनल. शंभराच्या वर चॅनल होते. कंपनीतून येतो तो एक नंबर ठेवायचा नाही, एवढी अक्कल मला होती. तो तर साऱ्या दुनियेचा; कुणाच्याही बटणाने आपली मोटार सुटायची. मी एकशे एक टाकला. आमच्याकडे लग्नाच्या पाकिटात शंभराची नोट एकटी जात नाही, वर रुपया लागतोच. मग मोटारीलाच कोरे शंभर कसे द्यायचे?

त्याआधीच मी चाचांच्या दुकानात बसून सगळी विद्या सांगून आलो होतो. मॉड्यूल कोणता, प्रोग्राम कुठून उतरवला, सगळं, चंद्रावर यान सोडणाऱ्याच्या थाटात. चाचा तांब्याची तार गुंडाळत नुसतं “हूं, हूं” करत राहिले. त्यांनी तीच जोडी मागवून तोच प्रोग्राम भरला, हे मला कोण सांगणार?

उद्घाटनाला काका नारळ घेऊन गच्चीवर आले. मी बटण दाबलं. दूर आमच्या भुईमुगावर पांढरे फवारे उडाले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे चाचांच्या कांद्यावरचे स्प्रिंकलरही उडू लागले. वारा होता हळदीकडे. आणि फोन वाजला.

मी झटकन बटण दाबलं. बंद! पण तिकडे शेतात चाचांनीही खिशातलं बटण काढून दाबलं. चालू! मी दाबलं, त्यांनी दाबलं. वर ट्रान्सफॉर्मरला उचकी लागली.

“काय करून राह्यला बे?” काका ओरडले.

“बंद करून राह्यलो!”

“मंग ते चालू काहून होऊन राह्यलं?”

फोनवर चाचा गरजले, “तू दाबू नोको! मी दाबतो!”

“नाही चाचा, तुमी हात काढा, मी दाबतो!”

मग दोघांनाही एकदमच शहाणपण सुचलं आणि दोघांनीही हात काढले. पाणी चालूच! शेवटी चाचांनी पळत जाऊन पेटीतला फ्यूज उपटला.

मी शेताकडे सुटलो. ते किलोमीटर मी दोन मिनिटांत कापलं. वाटेत एक मोटारसायकलही मागे टाकली. ती बंद पडलेली होती, ही गोष्ट वेगळी.

हळदीची एक कड भिजली होती. चाचांनी आणि मी ती घमेल्यांनी उचलून कोरड्या जागेवर पसरली. दुपार कलेपर्यंत चाचा ती खालीवर करत राहिले. मग त्यांनी एक कांडी उचलली, मोडली, आतला रंग उन्हात धरून पाहिला.

“बचली,” ते म्हणाले.

मला धीर आला. “चाचा, तुमी चॅनल कोणता टाकला होता?”

“एकशे एक. शगुनाचा.”

चूक निम्मी त्यांचीही होती, पण मी मोठ्या मनाचा माणूस. म्हटलं, “जाऊ द्या चाचा. एकशे एक तुमीच ठेवा. मी एक्कावन टाकतो.”

चाचांनी हळद पालथी करता करता, मान वर न करता सांगितलं, “एक्कावन माह्या बोअरवर हाये.”