नदीच्या ओहोटीची वाट

आमच्या दांडीच्या मच्छीमार घरात पदवी आणणारी पहिली मी. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी कुणी न विचारताही सांगते. तीन वर्षं सुक्या बोंबलाच्या टोपल्यांना टेकून रिक्षानं बोईसरचं कॉलेज गाठलंय, तेवढा हक्क आहे माझा.

पुढं एम.एस्सी.साठी नाशिकला होस्टेलवर राहायचं होतं. आई तयार होती. बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात, नुसतं जाळं शिवत बसायचे. शेवटी त्यांनी परीक्षा काढली. आमच्याकडे नव्या खलाशाच्या हाती सुकाण देण्याआधी एकच पाहतात: समुद्रात सोडलेल्या जाळ्यापाशी त्याला बोट परत आणता येते का, तेही कुणाला न विचारता. मी सूर्या नदीच्या खोऱ्यातल्या ट्रेकच्या बढाया मारत असायचेच. बाबा म्हणाले, "मग मला फिरव तिकडं. जिथनं निघू तिथंच आण, कुणाला विचारायचं नाय. आणलंस तर जा नाशिकला."

मोबाइल चालेल का, तर मोबाइलला विचारणं हेही विचारणंच, असा निकाल मिळाला.

मी वहीत नकाशा काढला. पुलापाशी मोटरसायकल लावायची, अलीकडच्या काठानं वर जायचं, दगडांच्या उथळ उतारावरून नदी ओलांडायची, पलीकडच्या काठानं खाली येऊन पुलावरून परत. बाबांनी माझ्या पदवीदान समारंभासाठी घेतलेले पांढरे बूट घातले होते. सागाच्या वाळलेल्या पानांचा आवाज त्यांना अजिबात आवडला नाही. समोरून कोण येतंय ते कळत नाही म्हणाले. वाट दोनदा फुटली आणि दोन्ही वेळा मी पुढच्या टेकडीचं टोक आणि मागचं पिंपळाचं झाड एका ओळीत धरून अचूक वळले. ही ओळ धरायला त्यांनीच शिकवलेलं, बोटीवर. त्यांची चाल जरा सैल झाली.

दीडच्या सुमारास उतारावर पोचलो, तर दगड पाण्याखाली.

बाबांनी पाणी पाहिलं, आकाश पाहिलं आणि सावलीत बसले. "आज बारस. उतरंल."

मीही लगेच बंदरावरचा हिशेब मांडला: बारस म्हणजे द्वादशी, आणि तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती, सव्वातीनला ओहोटी. तोंडी हिशेब इतका झटक्यात जमला की मलाच कौतुक वाटलं. बाबा म्हणाले, पाणी आपणहून उतरणार असेल तर चांगले बूट कशाला भिजवायचे. आम्ही डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. खुणेसाठी मी काठावर एक काडी रोवली.

अडीच वाजले. पाणी काडीपाशी होतं तिथंच. बाबा म्हणाले, नदीचं पाणी जरा आळशी असतं.

पलीकडं एक बाई गोधड्या धूत होती. तिनं सगळ्या पिळल्या, दगडांवर पसरल्या, मग कमरेवर हात ठेवून ओरडून विचारलं, "कवाचे बसलाव, कशाची वाट बघता?"

"ओहोटीची," बाबा म्हणाले.

ती खाली बसून हसली.

"धरणाचं पाणी हाय दादा, समुद्र नाय. सोडलं का वाढतं, बंद केलं का उतरतं. गुडघाभर हाय, या सरळ."

बाबांनी बूट काढून गळ्यात अडकवले. मधल्या धारेत त्यांनी माझा हात धरला. मी पडू नये म्हणून की ते, हे दोघांनीही विचारलं नाही. उरलेली चटणी त्या बाईला दिली. तिनं वास घेतला आणि पुन्हा हसली.

पुढचा अर्धा फेरा मी मान खाली घालून चालले. बाई बोलली नसती तर आम्ही अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो असतो. म्हणजे नाशिक गेलंच. मोटरसायकल दिसली तेव्हा मी स्वतःच म्हटलं, "हरले ना मी?"

बाबा बूट घालत होते. बराच वेळ एकाच नाडीशी खेळत राहिले.

"आपण कुठं विचारलं? विचारलं तिनं." मग किक मारता मारता म्हणाले, "पण बंदरावर ओहोटीचं बोलायचं नाय."

नाशिकची दोन वर्षं मी एक अक्षर बोलले नाही. एम.एस्सी. पूर्ण झाली, गुणपत्रिका हातात आली, आणि आता बसून हे लिहिलंय. बाबा वाचतील तेव्हा म्हणेन, बोलले कुठं? लिहिलं.