हॅरियर त्यांचं, मिग माझं

माझं काम दातांचं. डॉक्टरीण नाही मी; बारामतीत एका लॅबमध्ये दात तयार करते. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवतात, त्यावर आम्ही मेणाचा दात कोरतो, मग त्याचा पक्का दात होतो आणि शेवटी त्याला शेजारच्या दातांसारखा रंग द्यायचा. वीस वर्षं हेच केलं. एखादा दात इतका जमून जातो की घरच्या माणसालाही कळत नाही खरा कुठला. त्यावर करणाऱ्याचं नाव नसतं, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

आमचे हे पंधरा वर्षं नौदलात होते. तिथून सुटून आल्यावर एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागले. वडगाव निंबाळकरला, त्यांच्या गावी, लोक त्यांना 'विमानवाले' म्हणतात. गोव्यात ते नौदलाच्या विमानतळावर होते, काही काळ विमानवाहू जहाजावरही होते. काम मात्र अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. टेबल लावायचं, जेवण वाढायचं, चहा न्यायचा. लग्न ठरताना त्यांच्या मामांनी माझ्या माहेरी, इंदापूरला, "पोरगं विमानावर हाय" एवढंच सांगितलं होतं. लग्नानंतर वर्षानं मी गोव्याला राहायला गेले तेव्हा खरं कळलं. पण मी माहेरी बोलले नाही. उलट चार बायकांत बसलं की मीही म्हणायची, "हे विमानावर असतात." खोटं दोघांचं होतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं त्यांच्याच माथी जाईल.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बरोबरीच्या एका जुन्या नौसैनिकानं पुण्यातलं घर आवरताना दोन खोकी यांना देऊन टाकली. न उघडलेली. एकात सी हॅरियर, दुसऱ्यात मिग-२९, दोन्ही नौदलाची लढाऊ विमानं. प्लास्टिकचे तुकडे सुटे करायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लांबीचं हुबेहूब विमान तयार. मुलगी हॉस्टेलला गेली होती, घर रिकामं होतं. हे म्हणाले, "एक मी करतो, एक तू कर. शेजारी शेजारी बसून."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दात करतीस न्हवं? मग झालं की."

हॅरियर त्यांनी घेतलं, मिग मला दिलं. खिडकीशी टेबल ओढलं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलं. मी लॅबमधून जुनी कोरणी, बारीक कानशी आणि तीन-चार केसांचे ब्रश आणले. संध्याकाळी मी कामावरून आले की स्वयंपाकाच्या आधी तासभर, आणि रविवारी दुपारी, असं आमचं सुरू झालं. एकवीस वर्षांच्या संसारात आम्ही एका टेबलाशी बसून एक काम कधी केलं नव्हतं. आधी पायलटची बैठक, मग पोटाचे दोन भाग, मग पंख. ज्या दिवशी त्यांचे पंख लागले त्याच दिवशी माझे. ते मला सांगत, हॅरियर जागच्या जागी कसं उतरतं, उतरताना डेकवर कसला आवाज होतो, कपबशा कशा थरथरतात. दोन्ही हातांनी ट्रे धरून बोटीच्या हेलकाव्यात चालायचं कसं, तेही त्यांनी मला खोलीत चालून दाखवलं. इतके हसलो आम्ही त्या दिवशी.

एका रविवारी हॅरियरचं नाक घासता घासता त्यांनी एका साहेबांची गोष्ट सांगितली. ते पायलट साहेब सकाळच्या उड्डाणाआधी काही खात नसत. म्हणत, "मेरा नाश्ता रखना, आके खाऊंगा." एके दिवशी गेले ते आलेच नाहीत. सगळ्या मेसला कळलं तरी यांनी ती ताटली झाकून तशीच ठेवली. दुपारी दुसऱ्या कुणीतरी उचलली, तेव्हा हे त्याच्या अंगावर धावून गेले.

"कुणाला सांगितलं न्हाय हे," ते म्हणाले. "आईला बी न्हाय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हाताला पांढरी पूड लागली होती.

पण कामाला नुसतं मन लागून चालत नाही, हातही लागतो. त्यांना घाई. एक थर वाळायच्या आत दुसरा द्यायचे. कॉकपिटच्या काचेवर गोंदाचं बोट उमटलं आणि काच पांढरी पडली. हॅरियरला पंखांच्या टोकांना दोन छोटी चाकं असतात. त्यातलं एक जमिनीला टेकेचना, त्यामुळं विमान एका अंगाला कललं. मी म्हटलं, "द्या, मी घासून बसवते." ते म्हणाले, "राहू दे. कुणाला दिसतंय?" माझ्या मिगला मात्र सांधा म्हणून दिसत नव्हता. करडा रंग मी दातांसारखाच चढवला होता, पातळ, थरावर थर, कडांना जरा मळका. त्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं. पुढच्या रविवारी ते टेबलाशी बसले नाहीत.

माझा थोरला भाऊ निमगाव केतकीत एका शाळेत शिक्षक आहे. दादाचा फोन आला, "पावणं, चार डिसेंबरला नौदल दिन हाय. आमच्या पोरांपुढं दोन शब्द बोला. विमानं बी आणा." हे लगेच हो म्हणाले. सकाळी मोटारसायकलवर निघालो, मागं मी, मांडीवर खोकं, खोक्यात कापसात गुंडाळलेली दोन विमानं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. अंथुर्ण्याला चहा प्यायला थांबलो तर मी खोकं खाली ठेवलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर पोरं-पोरी बसलेली. टेबलावर दोन्ही विमानं मांडली. हे चांगलं बोलले, खरंच. समुद्राचं बोलले, जहाजाचं बोलले. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मिगकडं बोट करून विचारलं, "सर, हे इतकं खऱ्यासारखं कसं केलं?"

हे थांबले. मला वाटलं, आता माझ्याकडं बोट करतील. मी पदर सारखा केला.

"सवय असती हाताला," ते म्हणाले. "इतकी वर्षं विमानांवर काम केलंय. हे दुसरं आमच्या मंडळींनी केलंय, हौसेनं. त्यामुळं जरा वाकडं हाय."

पोरं हसली. हेडमास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "असू द्या वहिनी, चपाती तर गोल येतीय ना?" मग मोठी माणसंही हसली. दादासुद्धा हसला.

मी उठून उभी राहिले. होते तिथूनच बोलले, पण हॉल लहान होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"मिग मी केलंय. वाकडं यांचं हाय. आन् विमानाला यांनी जल्मात हात लावला न्हाय. मेसमध्ये वाढायला होते हे. साहेब लोक उडायचे आन् हे ताटली झाकून त्यांची वाट बघत बसायचे."

कुणी हसलं नाही. दादानं मान खाली घातली. मला वाटलं होतं हे चिडतील, माझ्यावर ओरडतील, निदान म्हणतील की बाई चेष्टा करते. त्यांनी टेबलाची कड धरली आणि त्या मुलीला म्हणाले, "व्हय बाळ, खरं सांगत्यात त्या. ते विमान त्यांनीच केलंय. मी वाढायलाच होतो." मग सगळ्यांना विचारलं, "अजून कुणाला काय विचारायचंय का?" कुणाला काही विचारायचं नव्हतं. हेडमास्तरांनी शाल आणि नारळ दिला. यांनी तो घेतला, वाकून नमस्कारही केला.

परतीच्या रस्त्यात लासुर्ण्यापर्यंत मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. किती उत्तरं जुळवली! त्यातलं एकही लागलं नाही. घरी आल्यावर त्यांनी बूट काढले, खुर्चीवर बसले.

"मिगचं बोललीस, बरोबर बोललीस," ते म्हणाले. "मेसचं बी, कधी ना कधी कळणारच हुतं. पर ताटलीचं मी तुला एकटीला सांगितलं हुतं."

"आन् तुमी? तुमी काय केलंत तितं?"

"मी चुकलो," ते म्हणाले. चुकलो म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि मीही 'माझंही चुकलं' असं म्हटलं नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं. आता ते शब्द इतके शिळे झालेत की काढायची लाज वाटते.

गोष्ट निमगावातून वडगावला जायला चार दिवसही लागले नाहीत. सासूबाईंनी मला फोन करून एवढंच विचारलं, "तुला काय मिळालं गं?" मी म्हटलं, "माझं नाव." फोनवर मला ते मोठं उत्तर वाटलं. त्यानंतर माजी सैनिकांच्या बैठकीला जाणं यांनी सोडलं. गावात जत्रेला जातात, पण पारावर बसत नाहीत. विमानं त्यांनी खोक्यात घालून कुठंतरी ठेवली. मी विचारलं नाही. दादा अजून म्हणतो, "तू बरोबरच केलंस," पण यांना आता तो 'पावणं' म्हणून हाक मारत नाही, "कसं काय, बरं हाय ना?" असं परक्यासारखं विचारतो. माझ्या बाजूच्या माणसांनी माझीच बाजू घेतली, आणि ते मला सहन होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात वडगावजवळच्या एका शाळेतून त्यांना फोन आला. शिबिर होतं, सैनिकांची भाषणं ठेवायची होती. फोन करणाऱ्याला काही माहीत नसावं. मी ओट्याशी कणीक मळत होते. हे शांतपणे म्हणाले, "येतो की. पर आधीच सांगतो, मी नौदलात वाढपी हुतो. चालंल का?"

पलीकडचा माणूस आधी हसला, मग त्याला कळलं असावं. "कळवतो सर," म्हणाला. मला ते ओट्यापर्यंत ऐकू आलं. यांनी फोन खिशात टाकला, ड्युटीची टोपी घेतली आणि गेले. आठ दिवस मी त्यांच्या फोनकडं लक्ष ठेवून होते. शाळेचा फोन काही आला नाही.