खाडीचा तळ
तिचं नाव मला आठवत नाही. अर्जावर होतं, पण मी नीट वाचलं नव्हतं.

पीएचडीच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. भरतीचं पाणी खाडीत कुठवर चढेल, हे संगणकावर गणितानं काढायचं काम होतं आणि मार्गदर्शक मी होतो. ती करावे गावातली, मासेमारी करणाऱ्या घरातली. बोलताना टेबलावर बोटानं खाडी काढायची आणि लगेच तळहातानं पुसून टाकायची.

माझं मॉडेल बघून ती म्हणाली, "सर, यात तळ हलतच नाही. बाबांची होडी गेल्या वर्षी जिथून जायची, तिथं आता गाळात रुतते."

"मग मार्गदर्शक तूच हो की!" मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली, पण टेबल पुसत राहिली. सर्वांत कमी गुण तिला मीच दिले.

वर्षभरानं मी मॉडेलमधला तळ हलता केला. उत्तरं खाडीतल्या खऱ्या भरतीशी जुळली, शोधनिबंधाचं कौतुक झालं. आभारात मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचंही नाव लिहिलं, तिचा उल्लेख केला नाही.

निवृत्त झाल्यापासून मी रोज करावेच्या जेट्टीवर जातो. बसवत नाही, नुसत्या फेऱ्या मारतो. परवा जाळं सांधणाऱ्या एकानं विचारलं, "काका, रोज कोनाला शोधताव?"

"कुणाला नाही. भरती बघतोय."

उद्या त्याला खरं सांगीन म्हणतो. तोवर इथे लिहून ठेवतो: खाडीचा तळ हलतो, हे मला तिनं सांगितलं होतं.