कोरीटचा पगार

आई गेल्यावर वडील एकटे पडले, म्हणून मी पुण्यातली खोली सोडून नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या गावी, कोरीटला आले. काम तेच राहिलं: पायथॉनमध्ये एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिणं. पुण्यातही ते मी खोलीतूनच करत होते.

गावात माझ्याबद्दल एकच माहिती होती, आणि ती वडिलांनी पुरवली होती: "सुट्टीवर येल शे." नोकरीवाली लेक कामाच्या दिवशी घरी दिसली की नोकरी गेली, असं लोक धरून चालतात. वडिलांनी ते आधीच टाळलं. त्यामुळे मी आपल्याच गावात पाहुणी झाले. हळदीला गेले तर मला कोणी काम सांगत नसे. परत कधी जाणार, हे शेजारच्या काकू धुणं वाळत घालताना विचारत, "कवय जाशी वं पुणाले? तुन्हा सायेब तुले भुली ग्या का?"

दिवाळीनंतर कंपनीने कळवलं की यापुढे पगार राहत्या शहरावर ठरेल. पुणे वरच्या गटात होतं, नाशिक मधल्या. नंदुरबार कुठेच नव्हतं. मी विचारल्यावर ते शेवटच्या गटात घातलं गेलं. पुण्याला परतले तर पगार तोच. इथे राहिले तर बराच कमी. उत्तर आठवड्यात द्यायचं होतं.

नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर नंदुरबार लिहिलं की सुरत आणि नाशिकच्या जाहिराती येत. जिल्ह्यातली एकच सापडली. शहाद्याच्या एका क्लासला पायथॉन शिकवायला माणूस हवा होता. फोनवर पगार विचारला, तेव्हा चालकांनीच मला पुण्याला जाण्याचा सल्ला दिला.

इथे राहिले तर पगार कमी होईल, हे रात्री जेवताना वडिलांना सांगितलं.

"आठे बसीसन तेच काम करस ना तू?" त्यांनी विचारलं.

"हा."

"मंग पगार कमी काबर?"

"आठे खर्च कमी लागस, असं तेस्नं म्हननं शे."

"मन्हा खर्च तेस्ले कोनी सांगा?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पुणाले जाय. मन्हं चाली जाई."

मी गेले नाही. कमी पगार मान्य असल्याचं कळवलं.

दुसऱ्या दिवसापासून वडील दुपारी जेवायला घरी येईनासे झाले. सकाळीच भाकरी बांधून शेतात नेतात आणि अंधार पडल्यावर परततात. पगार कमी झालाच आहे, त्यात त्यांच्या जेवणापायी माझ्या कामाचा खोळंबा नको, एवढंच ते म्हणाले. त्यांच्यासाठी गावात राहिलेली मी दुपारी एकटीच जेवते.