दिवेलागणीचं विरजण

घर निवडण्याच्या बाबतीत मी अत्यंत शास्त्रशुद्ध माणूस आहे. त्यामुळेच शिरूरमधल्या चार कॉलन्यांनी मला रिकाम्या हातानं वाटेला लावलं.

मस्कतमध्ये आठ वर्षं इंजिनिअरची नोकरी करून दोन हजार एक साली आम्ही परत आलो. मुक्काम न्हावऱ्याला, आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. घर मात्र शिरूरमध्ये घ्यायचं होतं, मुलीच्या शाळेसाठी. रोहिणीची, म्हणजे आमच्या मंडळींची, अट एकच. "गच्ची नको, बाग नको. दार वाजणारं घर पाहिजे!" मस्कतच्या बिल्डिंगमध्ये आठ वर्षांत आमची बेल वाजवली ती फक्त सिलिंडरवाल्यानं, आणि त्यालाही ती चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. म्हणून या वेळी शेजार चुकवायचा नाही, असं ठरवून मी तक्ता केला. पाणी, रस्ता, गटार, आणि सगळ्यांत जास्त गुण माणुसकीला!

आबांनी तक्ता उलटा धरून पाहिला. "आरं, तुझं आजं मेंढरं घिऊन रोज नवं रान बगायचं. पानी बगितलं, वारं बगितलं, की टाकला वाडा. तुला दोन म्हयनं झालं!"

"आबा, मेंढरांना शेजारी लागत नाहीत."

"मग मानसागत जाऊन दोन घटका बोलत बस की शेजाऱ्यांसंगं!"

बोलत बसणं शास्त्रात बसत नव्हतं. (गोड काय, सगळेच बोलतात.) मी चाचणी शोधून काढली : अनोळखी घरी जाऊन विरजण मागायचं. चमचाभर दही! देणाऱ्याचं काही जात नाही आणि माणूस कळतो. सकाळी बायका कामात, दुपारी जरा पडलेल्या. तेव्हा मोटरसायकलला स्टीलचा डबा अडकवून मी रोज दिवे लागता लागता निघायचो. घरी सांगायचो, "पाण्याची चौकशी करून येतो."

पहिल्या घरातल्या बाईंनी देवापुढं दिवा लावून दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. "आत्ता? न्हाई बा." शून्य गुण. दुसऱ्या कॉलनीत उत्तर आलं, "दही हाय, पन देनार न्हाई!" प्रामाणिकपणा दांडगा, पण तरी शून्यच. तिसरी नदीकडची कॉलनी. तिथल्या कुसुममावशी म्हणाल्या, "बसा. च्या घ्या, जेवून जावा. पन दही मागू नका." (मी शेऱ्यात लिहिलं : धूर्त.) चौथ्या कॉलनीत तर एक आजी आत जाऊन मीठ-मोहऱ्याच घेऊन आल्या! पाचव्या ठिकाणी, बायपासजवळ, एकट्या राहणाऱ्या तरुणानं फ्रिजमधला अख्खा वाडगा माझ्या हातात दिला आणि नाव न विचारता दार लावलं. पैकीच्या पैकी गुण!

एव्हाना दूधवाल्यांनी ही बातमी गावभर पोचवली होती, हे मला कुठं ठाऊक? दिवेलागणीला एक गडी डबा घेऊन दारोदार फिरतोय, करणी करणारा असावा, जपून राहा!

माझ्या शास्त्राला कंटाळून रविवारी रोहिणी आबांबरोबर एसटीनं शिरूरला गेली आणि एका दुपारीत घर पसंत करून आली. नेमकं कुसुममावशींच्या शेजारचं.

"तिथं? तिथं माणुसकी शून्य आहे!" मी ओरडलो.

"अहो, त्या मावशींनी मला दोन तास सोडलंच नाही! मी तिथंच राहणार." तिचा असा फुललेला चेहरा मी आठ वर्षांत पाहिला नव्हता. मी तक्ता घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी घरमालकाशी बोलायला आम्ही सगळे गेलो. हसत हसत कुसुममावशी बाहेर आल्या, आणि मला पाहून जागीच थबकल्या.

"आगं बया! ह्योच त्यो दहीवाला!"

अर्धी कॉलनी गोळा झाली. घरमालकानं हात जोडले. "माफ करा. शेजाऱ्यांच्या मनाबिगार मला घर देता येनार न्हाई." रोहिणी खाली बघून पदर सारखा करत राहिली. ते पाहून माझा जीव असा गलबलला, की दही कशासाठी मागितलं ते पटवायला मी खिशातून तक्ता काढला आणि सगळ्यांचे गुण मोठ्यानं वाचून दाखवले. (घाईत शेऱ्यांसकट!)

आबांनी कपाळाला हात लावला. "येड्या, दिवा लागल्यावर दूध-दही घराभायेर देतं व्हय कुनी? लक्ष्मी जाती! तुझी आई नव्हती का मागनाऱ्याला म्हनत, उजाडल्यावर या?"

म्हणायची. रोज म्हणायची. आठ वर्षं सुपरमार्केटमधलं दही खाऊन मी ते साफ विसरलो होतो.

कुसुममावशींनी तक्ता हातात घेतला. 'धूर्त' वाचलं आणि हसता हसता पायरीवरच बसल्या. "आवं, मग सकाळी यायचं की वो! वाडगंभर दिलं आसतं!" मग रोहिणीचा हात धरला. "चल गं पोरी आत. तुझा काय दोस?"

घर मिळालं. आमचं दार आता सकाळी सहापासून वाजतं, आणि रोहिणी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच वाजल्यासारखी धावते. मीसुद्धा सुखात आहे. फक्त संध्याकाळी जरा वारा खायला म्हणून फाटकाबाहेर आलो, की अख्ख्या आळीत हाक जाते,

"फ्रिजला कुलूप लावा गं, इंजिनेरसायेब निघालं!"