गोळ्यांचं उद्यापन

मुलगी पाच आठवड्यांची होती. दुपारी मी तिला पाळण्यात ठेवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. ती रडत होती. मी उठले नाही. सासूबाई भाजी घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी ठेवली, वर गेल्या आणि मुलीला घेऊन खाली आल्या.

"केव्हाची बसली वं इथं?"

"माहीत नाही."

"पोट्टी रडून राहिली होती. ऐकू नाही आलं?"

"आलं."

त्या माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या. मुलीला मांडीवर हलवत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ही त्यांच्या बाबतीत काळजी करण्यासारखी गोष्ट होती. मग म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. तुले बरं नाही."

कादंबऱ्यांमध्ये अशा अवस्थेतल्या बाया नदीकडे चालत जातात. मी तशा कादंबऱ्या भरपूर वाचल्या होत्या. पण मला पायरीवरून उठायचाही कंटाळा आला होता. नदी तर फारच लांब.

राज्य तेव्हा नवीन होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि शहराला ते अजून अंगावर घेता येत नव्हतं, नव्या सुनेला शालू सांभाळता येऊ नये तसं. मंत्रालय एका रिकाम्या केलेल्या इस्पितळात भरायचं. माझा नवरा तिथे कारकून होता. जिथे पूर्वी खाटा होत्या तिथे आता त्याचं टेबल होतं, आणि भिंतीवर 'कृपया शांत रहें' अजून तसंच होतं. तो सकाळी आठला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. राज्याचं आणि माझं बाळंतपण एकाच सुमाराला झाल्यामुळे त्याची धावपळ व्हायची, असं तो म्हणे. राज्याकडे तो जास्त वेळ होता.

माझी आई मी शिकत असतानाच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथे, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, सासूबाईंच्या हातचं झालं. त्या अमरावतीकडच्या, रेल्वेतल्या नवऱ्यामागे रायपूरला आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. शेक, शेगडी, बाळंतकाढा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं त्यांनी यथासांग केलं. येणारी प्रत्येक बाई मला सांगायची की आईची माया आतून येते. मी आत पाहिलं. आत डिंकाचे लाडू होते.

मुलीबद्दल मला राग नव्हता. काहीच नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. तिथे कधीकधी टेबलावर एखादं बिनशिक्क्याचं पुस्तक सापडायचं. कुणाचं ते कळायचं नाही. ते पुसून बाजूला ठेवायचं, मालक येईल म्हणून. तसं मी तिला दूध पाजून, पुसून बाजूला ठेवत होते. मालक येत नव्हता.

डॉक्टरांचा दवाखाना तेलीबांध्याला होता. तेव्हा त्या तलावाकाठी माणसं फिरायला जात नसत, म्हशी जात. दवाखान्याच्या पाटीवर हिंदीत चार ओळी होत्या : मानसिक रोग, मिर्गी, नशामुक्ति, सिरदर्द. सासूबाईंनी रिक्षातून उतरून भर रस्त्यात त्या मोठ्यानं वाचल्या आणि स्थळं पाहावीत तसा एकेकीचा विचार केला.

"पहिलं तं सांगताच नाही येत. मिरगी म्हणलं तं लोक जोडा हुंगवतात. नशा, छे. सिरदर्द बरा. डोकं तं सगळ्यायचंच दुखते."

अशा रीतीनं माझी डोकेदुखी ठरली. नवऱ्यालाही तीच सांगितली, तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर बदलला असेल." मुलीला तेल लावायला येणाऱ्या बाईला सांगितली, तेव्हा ती "हव, हव" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीपेक्षा माझ्याच टाळूवर जास्त तेल जिरवू लागली. मोहल्ल्यातून सुंठीचे लेप आले, बामच्या डब्या आल्या. आयुष्यात माझं डोकं त्या महिन्यांत दुखलं तितकं कधीच दुखलं नाही.

डॉक्टर पन्नाशीचे होते, हळू बोलायचे. त्यांनी विचारलं, "अपने को या बच्ची को कुछ कर बैठने का ख़याल आता है?"

मी म्हटलं, "ख़याल ही नहीं आता. कोई भी."

त्यांनी लिहून घेतलं. मग आम्हा दोघींना सांगितलं की हा बाळंतपणानंतर होणारा आजार आहे, पुष्कळ जणींना होतो, यात माझा दोष नाही आणि दुधाचाही नाही. रोज सकाळी एक गोळी. दूध पाजायला हरकत नाही, मुलीवर आपण लक्ष ठेवू. आणि दर गुरुवारी येऊन बोलायचं.

ग्रंथालयात मी नोकरी धरली होती ती न बोलण्याचा पगार मिळतो म्हणून. पहिले तीन गुरुवार माझ्या वतीनं सासूबाईच बोलल्या. डॉक्टरांना माझी झोप, माझी भूक, अमरावतीचं पाणी आणि त्यांच्या मोठ्या जावेचा स्वभाव एवढं सगळं समजलं. चौथ्या गुरुवारी डॉक्टरांनी हात जोडून त्यांना बाहेर बसवलं. मी वीस मिनिटं टेबलावरचा पेपरवेट पाहिला. सहाव्या गुरुवारी मी एक वाक्य बोलले : "मुझे वो अपनी नहीं लगती." डॉक्टर म्हणाले, "लगेगी." एवढंच. मला वाटलं होतं आता छताचा पंखा अंगावर पडेल.

महिना-दीड महिना गेला. एका सकाळी मी मुलीला आंघोळ घालत होते, तिला शिंक आली आणि आपल्याच शिंकेनं ती इतकी दचकली की कुणीतरी हसलं. कोण हसलं म्हणून मी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

तिथून पुढे हळूहळू ती माझी होत गेली. मी तिच्या कानांची घडी पाहिली, तिच्या रडण्याचे प्रकार ओळखू लागले, ती झोपली की नाकाखाली बोट धरून पाहू लागले. म्हणजे इतर आयांइतकीच मीही चळले.

पण इकडे सासूबाईंच्या मनात वेगळंच जमत होतं. रोज सकाळी ठरल्या वेळी एक गोष्ट करायची. दर गुरुवारी एका ठिकाणी जायचं. कुणाजवळ वाच्यता करायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, "छह महीने तो चलेगी ही, फिर देखेंगे." यातलं पहिलं वाक्य त्यांनी घेतलं, दुसरं दवाखान्यातच सोडलं. आता हे व्रत नव्हे तर काय? त्या तर गुरुवारी माझ्यासाठी उपासही धरत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी खुणा केल्या आणि सहा महिने भरले त्या गुरुवारी उद्यापन ठेवलं.

पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या. पुरण घातलं. आदल्या दिवशी पाकिटातली एक गोळी बाजूला काढली होती, ती दत्ताच्या तसबिरीपुढे वाटीत ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मग ती मला घ्यायला लावली. गोळीला हळदीचा वास येत होता. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चळत निर्माल्याच्या पिशवीत गेली. सासूबाई विधवा, म्हणून ओट्या मला भरायला लावल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारातून सूचना देत होत्या.

एका सवाष्णीनं विचारलं, "कशाचं वं व्रत?"

"डोकेदुखीचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

"अगं माय! मले बी सांगा ना. माझं लय दुखते. नेम काय आहे?"

"सकाळी चहा झाल्यावर घ्यायचं, अन् गुरुवारी तेलीबांध्याले जायचं."

"पूर्वेकडं तोंड करून?"

"रिक्षा जिकडं जाईल तिकडं."

मी एम. ए. होते. 'फिर देखेंगे' मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गोळी अशी एकदम बंद करायची नसते हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी गप्प राहिले. सासूबाईंवर ढकलायला बरं आहे, पण खरं असं की मलाही ते संपायला हवं होतं. मी पाचवी पुरणपोळीही खाल्ली.

तिसऱ्या दिवसापासून चालताना चक्कर येऊ लागली, पायरी असावी तिथे नसल्यासारखी. चक्कर पुढे थांबली. तिसऱ्या आठवड्यात झोप गेली. मग एका सकाळी मुलीनं माझ्याकडे हात पसरले. ती तेव्हा नुकती नीट बसायला लागली होती आणि हात पसरताना एका बाजूला कलंडायची. मी पाहत राहिले. ती कलंडली. मी पाहत राहिले. आधी ती माझी नव्हती तेव्हा मला काही गमावल्यासारखं वाटलं नव्हतं. आता मला ठाऊक होतं काय गेलं ते.

सासूबाईंनी मुलीला उचललं आणि चपला घातल्या. त्या दिवशी गुरुवार नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "दवा किसने बंद की?"

"मीनं," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापन केलं."

डॉक्टर इकडचेच, हिंदी बोलणारे. त्यांनी विचारलं, दवा का उद्यापन आपके यहाँ कैसे होता है. सासूबाईंनी त्यांना सवाष्णी, पुरण, ओटी सगळं नीट समजावलं. गोळीला वाहिलेल्या हळदकुंकवासकट. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांची मिशी मात्र मधूनमधून हलत होती.

"माताजी, आप शुगर की गोली लेती हैं?"

"हो, दोन टाईम."

"उसका उद्यापन कब है?"

सासूबाई म्हणाल्या, "तिचं कुठं उद्यापन असते? ते तं रोजचं आहे."

"बस. ये भी फ़िलहाल रोज़ का है. जब बंद करनी होगी, मैं बताऊँगा. धीरे-धीरे करेंगे. और पूरणपोली मुझे भी खिलाइएगा."

बाहेर येऊन आम्ही रिक्षाची वाट पाहत उभ्या राहिलो. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तलावात म्हशी होत्या. सासूबाई म्हशींकडे पाहत म्हणाल्या, "माझी चूक झाली."

सासूच्या तोंडून असं वाक्य निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं, वाचलंही नव्हतं. मी म्हटलं, "मीही पुरण खाल्लं."

"पाच खाल्ल्या तू. मी मोजल्या."

पुन्हा बरं व्हायला आधीपेक्षा जास्त दिवस लागले. मुलगी चालायला लागली त्याच्या आसपास ती पुन्हा माझी झाली. पुढे डॉक्टरांनी एकदा स्वतःच गोळी हळूहळू कमी करत बंद केली. दीड वर्ष छान गेलं, मग आजार परत आला, मग गोळी परत आली. काही जणींची कायमची सुटते, माझी नाही सुटली. मी त्यावर बरीच पुस्तकं वाचली. गोळी वाचण्यापेक्षा घेतलेली बरी, या मतावर शेवटी आले. दवाखान्यात सासूबाई बरोबर असायच्याच. आत मी बोलायचे, बाहेर त्या. बाकावरच्या किती जणांना त्यांनी डोकेदुखी वाटून दिली असेल, देव जाणे.

मुलगी सोळा वर्षांची झाली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, जिन्यापासून. आठवडाभर वाक्यं जुळवली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"मतलब मैं रो रही थी और आप सीढ़ी पे बैठी थीं?"

"हो."

"और आजी ने दवाई की पूजा कर दी?"

"हो."

ती इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. मग बाथरूममध्ये गेली, बराच वेळ नळ सोडून ठेवला, आणि बाहेर आल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघत राहिली.

सासूबाई गेल्या तेव्हा मी घाबरले, आजार पुन्हा उलटेल म्हणून. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. आता एक तरुण बाई आहेत. तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच एकटी गेले. बाहेरच्या बाकावर शेजारी कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे नंबर लवकर आला असं वाटलं. त्यांनी विचारलं, "रोना आता है?"

मी म्हटलं, भाजी निवडताना येतं, रिक्षात येतं, कोणी मोठ्यानं पाटी वाचली तरी येतं.

"और बेटी?"

"उसके सामने आता है. उसे भी आता है."

त्या म्हणाल्या, हे दुःख आहे, आजार नाही. गोळी वाढवायची गरज नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेही रडले.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. अर्धी गोळी चालू आहे.